संवर्धन शुल्क घेता, मग भिंतीला सिमेंट का? : हेरिटेज विंगमधील मुक्कामाबाबत तक्रार

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

प्रति,
महाव्यवस्थापक
(हॉटेलचे नाव व पत्ता पाकिटावर आहे)
दक्षिण मुंबई

विषय : ८ ते ११ ऑगस्ट २०२५ या मुक्कामातील खोलीची अवस्था, सेवेतील त्रुटी आणि बिलातील गैरलागू आकारणीबाबत.

महोदय,

वरील तीन रात्री आम्ही आपल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या समुद्राकडील खोलीत होतो. दर रात्रीचा दर ३२,००० रुपये. त्याच तारखांना मागच्या नव्या विंगमधली तेवढीच खोली आपण २१,००० ला देत होता. म्हणजे वरचे ११,००० निव्वळ वारशाचे. त्याशिवाय बिलात 'वारसा संवर्धन शुल्क' रात्रीला १,५०० वेगळे लावले आहे. आमची मुख्य तक्रार ही की, या पैशातून जी डागडुजी चालली आहे तीच इमारतीला खाते आहे, आणि खोलीतल्या बहुतेक गैरसोयींचे मूळ तिच्यात आहे.

सुरुवात भिंतीपासून करतो. खिडकीखालची भिंत दोन्ही बाजूंना हातभर ओली आहे, रंगाला फोड आले आहेत आणि फोड फुटले तिथे पांढरी भुकटी सांडते. हा लोणा, म्हणजे ओलीसोबत भिंतीतून बाहेर येणारा खार. दुसऱ्या मजल्यावर जमिनीची ओल चढत नाही, तेव्हा पाणी बाहेरून येते हे उघड आहे. खिडकीतून वाकून पाहिले तर कारणही दिसते. खिडकीखाली बाहेर आलेल्या दगडी पट्टीच्या, म्हणजे कणीच्या, खालच्या अंगाला पाणी तोडणारी जी बारीक खाच असते, ती रंगाच्या थरांनी बुजली आहे. त्यामुळे पाणी कडेवरून खाली न टपकता कणीच्या पोटाला चिकटून भिंतीकडे ओढले जाते. पत्र्याच्या एका पट्टीने आणि अर्ध्या दिवसात ही खाच मोकळी होईल.

ते न करता आतून सिमेंटचा गिलावा थापला आहे. चुन्यात बांधलेली जाड वीटभिंत पाणी पिते आणि कोरड्या दिवसांत सोडून देते, तिचा श्वास चुन्याच्या गिलाव्यातून चालतो. सिमेंटचे ठिगळ कडक आणि बंद. त्यावर पुन्हा प्लास्टिक पेंट. अडकलेले पाणी मग ठिगळाच्या कडेने, शेजारच्या जुन्या चुन्यातून वाट काढते, सोबत खार आणते आणि धड असलेला मूळ गिलावाही सोडवते. दर पावसाळ्यानंतर ठिगळ मोठे होत जाते ते यामुळे. आपल्या गवंड्याने पेन्सिलीने मारलेल्या दोन जुन्या हद्दी पोपड्यांखाली अजून दिसतात. म्हणजे हे किमान तिसरे ठिगळ.

दुरुस्तीचा क्रम नवा नाही, मुंबईत जुन्या इमारतींवर काम करणारा कोणताही जाणता गवंडी सांगेल. आधी बाहेरची खाच आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. ओल दिसते त्याच्या पलीकडे फूटभर सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढायचे, ब्रेकर मशीन लावायचे नाही. विटांमधल्या दरजा पाऊण इंच खरवडायच्या. खार ओढून घेण्यासाठी कागदाच्या लगद्याचा लेप लावून तो वाळला की काढायचा, आणि भुकटी येणे थांबेपर्यंत पुन्हा लावायचा. त्यानंतर मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून तीन भाग, असा गिलावा पातळ थरांत, मध्ये पुरेसे दिवस सोडून. गोणपाट ओले ठेवायचे, कारण चुना घाईने वाळला की तडकतो. वर चुन्याचाच हात. हे काम ऑक्टोबरनंतर घ्यायचे, ऐन ऑगस्टमध्ये नाही. आमच्या शेजारच्या खोलीत ९ तारखेला सिमेंट कालवणे चालू होते, भर पावसात.

खिडकीचेही तसेच. सागवानी झडप पावसाळ्यात फुगते, घट्ट बसते, हे घराघरात माहीत आहे. ती अडकते म्हणून कोणीतरी पावसाळ्यातच तिच्यावर रंधा मारला आहे. कोरड्या दिवसांत लाकूड आकसल्यावर फट पडली असणार, ती बुजवायला फोमची चिकटपट्टी लावली, ती पाण्याने सुटली. आता वरच्या बिजागरीकडे सहा-सात मिलिमीटरची फट आहे, बिजागरीचे दोन स्क्रू चौकटीत नुसते फिरतात. त्या फटीत हाउसकीपिंगने घडी घातलेला टॉवेल कोंबला होता. आपल्या हॉटेलचे बोधचिन्ह विणलेला, पांढराशुभ्र, तो भाग वेगळा.

आता एसी. खोलीत शिरलो तेव्हा थर्मोस्टॅट १८ वर होता. मुंबईत ऑगस्टमध्ये हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर दमट हवा आली की पाणी धरणारच. फटीतून बाहेरची हवा सतत आत आणि खोली १८ वर. परिणामी कपाटाची पाठ ओली, तिच्यावर बुरशीचे हिरवट ठिपके, गादीला कुबट वास आणि त्या वासावर मोगऱ्याचा स्प्रे. तारखेप्रमाणे सांगायचे तर ८ ला रात्री ११ वाजता छतातल्या युनिटमधून गालिच्यावर पाणी टपकू लागले. तंत्रज्ञ चाळीस मिनिटांनी आला, त्याने खाली बादली ठेवली आणि गेला. ट्रेमध्ये शेवाळासारखा चिकट थर साचला की निचऱ्याचा पाइप तुंबतो. ट्रे धुऊन पाइपमध्ये व्हॅक्यूम मारला की काम वीस मिनिटांचे. ते दुसऱ्या दिवशी आमच्या तिसऱ्या फोननंतर झाले. खोल्या २४ वर ठेवा, कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, निम्मी बुरशी तेवढ्यानेच जाईल.

ड्युटी मॅनेजरांचे म्हणणे पडले, "सर, हेरिटेज प्रॉपर्टी आहे ना, थोडं समजून घ्या." समजून घेतले असते. पण तुंबलेला पाइप हा वारसा नव्हे.

न्हाणीघरात गरम पाणी यायला सहा मिनिटे लागतात. शॉवरखाली बादली ठेवून मोजले, मिनिटाला साधारण नऊ लिटर, म्हणजे प्रत्येक आंघोळीआधी पन्नासेक लिटर पाणी गटारात. गरम पाणी पाइपमध्ये सतत फिरते ठेवणारे रिटर्न सर्क्युलेशन बंद असले की असे होते. पाइपमध्ये पाणी कोमट अवस्थेत साचून राहणे आरोग्यालाही वाईट, हे आपल्या इंजिनिअरिंग विभागाला ठाऊक असायला हवे. पितळी नळांवरचा लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) पितांबरीने घासून घासून अर्धा उडाला आहे. लॅकर ठेवायचा असेल तर मऊ ओले फडके पुरे. घासायचेच असेल तर लॅकर पूर्ण काढा आणि नियमाने घासा. सध्या दोन्हीचे तोटे आहेत.

मार्गिकेतल्या नक्षीदार इंग्लिश फरशांबद्दल मात्र जरा थांबून लिहावे लागेल. या फरशांत नक्षी वरून रंगवलेली नसते, रंगीत माती साच्यात भरून भाजलेली असते, पण तिचा थर जेमतेम काही मिलिमीटर. आपले सफाई कंत्राटदार त्यांवर संगमरवराला लावतात ती घासणी मशीन चालवतात. लिफ्टसमोरच्या चौकात पिवळी फुले फिकट आणि कडा बोथट झाल्या आहेत, जिन्याखाली, जिथे मशीन पोचत नाही, तिथे तीच फुले ठसठशीत आहेत. शेजारी उभे राहून कोणीही फरक पाहावा. भरीत भर म्हणून डागांवर ऍसिड. ऍसिडने सांध्यांतला चुना विरघळतो, फरशी डुगडुगते, मग एक कोपरा तुटतो. आम्ही अशा अकरा डुगडुगणाऱ्या फरशा मोजल्या. साधा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच टिपून घेतलेले पाणी, एवढेच यांना लागते. झिजलेली नक्षी परत येत नाही.

आता 'हेरिटेज वॉक'. दर माणशी ८०० रुपये, ९ तारीख, सायंकाळी ५. मार्गदर्शक तरुण हसतमुख होता, त्याच्यावर राग नाही. त्याच्या हातात दिलेल्या संहितेवर आहे. तिच्यात सांगितले गेले की फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची चलचित्रे मुंबईत पहिल्यांदा ताजमध्ये दाखवली. ती ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्याची ती इमारत काळा घोड्याला आजही उभी आहे. ताज सुरू झाले डिसेंबर १९०३ मध्ये. पुढे ऐकले की गेटवेतून उतरणाऱ्या साहेबांसाठी ताज बांधले. गेटवेची कोनशिला १९१३ ची आणि काम पुरे झाले १९२४ ला. उलट क्रमाने सांगितलेला इतिहास आम्ही पैसे मोजून ऐकला. आणि 'इंग्रज वास्तुविशारदाने ताज चुकून उलटे बांधलेले पाहून जीव दिला' ही जुनी लोणकढी थापही त्यात होतीच. ताजचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, शेवटास नेले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मुंबईत बसून वैद्यांचे नाव गाळायचे आणि नसलेल्या साहेबाला मारायचे, हे मराठी माणसाला खटकणारच.

आपल्या माहितीपुस्तिकेत आपले हॉटेल 'युनेस्कोने गौरवलेले' असल्याचे छापले आहे. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा एकत्रित समूह, ९४ इमारतींचा. एखाद्या हॉटेलाला तो स्वतंत्र पुरस्कार नव्हे. वाक्य दुरुस्त करावे.

जेवणाबद्दल थोडक्यात. नारळी पौर्णिमेच्या खास थाळीत नारळीभात होता आणि त्याची शिते कचकचीत होती. भात पुरता शिजण्याआधी गूळ घातला की शिते पुढे मऊ होत नाहीत. भात मोकळा शिजवून, परातीत गार करून मग गूळ-खोबऱ्यात घालायचा. खोबरेही ताजे खवलेले नव्हते, पाकिटातला कोरडा कीस होता. समुद्रासमोर बसून, नारळी पौर्णिमेला! आमटी आणि अळूची भाजी मात्र उत्तम, ती करणाऱ्यांना आमचा निरोप पोचवावा.

बिल. रेस्टॉरंटच्या १४,२०० रुपयांवर १० टक्के सेवा शुल्क, १,४२०, न विचारता लावले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, २५५.६०. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या आहेत. काउंटरवर हे सांगितल्यावर "सिस्टीममधून निघत नाही" असे उत्तर मिळाले.

आमची मागणी अशी : सेवा शुल्क करासह १,६७५.६० रुपये, संवर्धन शुल्क तीन रात्रींचे करासह ५,३१० आणि दोन विंगमधील दराचा फरक करासह ३८,९४०, असे एकूण ४५,९२५.६० रुपये मूळ कार्डावर परत करावेत. सोबत दोन गोष्टी लेखी कळवाव्यात. संवर्धन शुल्काची रक्कम गेल्या आर्थिक वर्षात कोणत्या कामांवर गेली, आणि दुसऱ्या मजल्यावरील सध्याच्या कामाआधी वारसा संवर्धन समितीला विचारले होते का. १९९५ पासून मुंबईत वारसा यादी आणि तिच्या श्रेणी आहेत, आपली इमारत कोणत्या श्रेणीत आहे ते आपल्याच दर्शनी भिंतीवर कोरलेले आहे, तेव्हा प्रश्न अवघड नसावा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, घाई आम्हाला नाही. बिलाची प्रत, भिंत, खिडकी, फरशा आणि बादलीची छायाचित्रे तारीख-वेळेसह जोडली आहेत.

कळावे,

आपले,
वरील बुकिंगमधील दोघे अतिथी
(नावे व संपर्क आपल्या नोंदीत आहेत)

ता. क. : पैशांचे नंतर पाहू, हे आज करा. दुसऱ्या मजल्यावर लाकडी जिन्याकडे उघडणारा आगरोधक दरवाजा तिन्ही दिवस लाकडी पाचर मारून उघडा ठेवलेला होता, ट्रॉल्या नेणे सोयीचे व्हावे म्हणून. आग लागली तर तो जिना धुराडे होईल आणि वरच्या मजल्यांवरच्या माणसांची वाट बंद होईल. दार उघडेच ठेवायचे असेल तर अलार्म वाजताच आपोआप सुटणारा चुंबकी होल्डर बसवा. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या राज्य कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून 'नमुना ब', म्हणजे आगसुरक्षेची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. या जुलैचा आपल्याकडे असेल, तर तो देणाऱ्याला पाचर कशी दिसली नाही तेही विचारा.