उन्हाळ्यात मिटणारी फट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अंगणातल्या छोट्या आगगाडीवर लेख आला, तो मी दोनदा वाचला. एका रुळात हॅकसॉने फट पाडायची, फटीच्या दोन्ही अंगांना वायर जोडून मधे स्विच टाकायचा. इंजनाला करंट रुळातूनच मिळतो, म्हणून स्विच बंद केला की फटीपलीकडच्या तुकड्यातलं इंजन उभं राहतं आणि दुसरं खुशाल चालवता येतं. इथवर सगळं बरोबर आहे. पण फट मोकळीच सोडा असं जे लिहिलंय, ते आमच्या वऱ्हाडात चालायचं नाही. उभी हयात वायरमनकीत गेली, म्हणून राहवलं नाही.

माझी गाडी मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात, कडूनिंबाखाली धावते. ४५ मिमी अंतराचे पितळी रूळ, २४ व्होल्टपर्यंतचा डीसी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून खाली विटा आणि मुरूम. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आमची शकुंतला, ७६२ मिमीची नॅरोगेज, १९९४ पर्यंत वाफेवर धावली. नातवाच्या वाट्याला ती आली नाही. त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

फट मी डिसेंबरात पाडली, करवतीच्या पात्याएवढी, जेमतेम १ मिमी. थंडीभर काही तक्रार नाही. मे महिन्यात एका दुपारी नातू गाडी चालवत होता आणि एकदम ओरडला, "आबाजी, उभं इंजन आपसूकच चाललं जी!" स्विच बंदच होता. मी पोचेस्तोवर दोन्ही इंजिनं एकमेकांवर आदळली होती आणि एकाचा पुढचा कपलर तुटला होता. पोरगं रडकुंडीला आलं. मी आधी स्विच उघडून पाहिला, मग वायरी. शेवटी वाकून रुळाकडे पाहिलं, तर फट नव्हतीच. दोन्ही टोकं एकमेकांना टेकली होती, नख जाईना. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती पुन्हा उघडली.

पितळ एका मीटरला, एका अंशाला सुमारे ०.०१९ मिमी वाढतं. सकाळी १२ अंशांत कापलेला २ मीटर रूळ उन्हात ६० वर गेला, तर वाढ जवळपास १.८ मिमी. आपल्याकडे हवेचाच पारा ४५ च्या पुढे जातो. रुळाला तर हात लावता येत नाही.

उपाय महाग नाही. फटीत नायलॉनचा पातळ तुकडा अॅरल्डाइटने बसवायचा आणि सुकल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासायचा. मात्र रुळाची वाढ कुठेतरी जायलाच हवी. म्हणून बाकीचे सांधे घट्ट न करता थोडे सैल ठेवायचे आणि प्रत्येक सांध्यावरून वायरचा तुकडा दोन्हीकडे सोल्डरचा डाग देऊन जोडायचा. वायरला बाक द्यायचा, ताणून लावायची नाही. रूळ सरकला तरी करंट तुटत नाही.

आणखी एक. बंद तुकडा इंजिनापेक्षा लांब हवा. माझं इंजन ४० सेंमी, तुकडा ६० सेंमी ठेवला. दिव्याचा डबा फटीवर उभा करू नये, कारण त्याची पुढची-मागची चाकं आतून वायरीने जोडलेली असतात आणि फट असून नसल्यासारखी होते. गाडी वळून त्याच वाटेने परत येणारा फास घातला असेल, तर त्याच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ तोडावे लागतात, नाहीतर सरळ शॉर्ट.

काम झालं की टेस्ट लॅम्पची एक वायर बंद तुकड्याच्या रुळावर आणि दुसरी समोरच्या रुळावर धरायची. स्विच बंद असताना दिवा लागता कामा नये. ही तपासणी सकाळच्या गारव्यात करू नका. मे महिन्यात, दुपारी दोनला करा.

आपला,
एक निवृत्त वायरमन
ता. मूर्तिजापूर, जि. अकोला