वृषे, पाय चेपून कळा येतात का विचारलंस म्हणून

कोल्हापूर,
रात्रीचे पावणेबारा

प्रिय वृषे,

तुझा मेसेज आला तेव्हा बाळाला पाजत होतो, एका हातानं काय टाईप करणार म्हणून राहिलं. आता ते झोपलंय तर म्हटलं सगळं बैजवार लिहूनच काढावं. (आणि हो, तू पुण्यात जाऊन आले-गेले करायला लागलीस, मी अजून आलो-गेलोच, हसू नकोस.)

तर शुगरमुळं तुला तारखेच्या पुढं जाऊ देणार नाहीत, कळा आणायचं औषध देणार, आणि तिथं कुणीतरी बाई तुला रिफ्लेक्सॉलॉजीचं (तळपायावर सगळ्या शरीराचा नकाशा आहे म्हणतात, त्यातले पॉइंट दाबायचे) पॅकेज विकायला बसलीय की आमच्याकडं पाय दाबून घेतले की औषधाची गरजच पडत नाही. पैसे भरले नसशील तर भरू नकोस बाई. मला त्या बाईचा राग दुसऱ्याच गोष्टीचा आलाय. आमची आत्या हेच काम करते ना, ती आठव्या-नवव्यात टाचेच्या आतल्या बाजूला घोट्याखाली बोटसुद्धा लावत नाही, कारण त्यांच्या नकाशात तो गर्भपिशवीचा पॉइंट. त्यानं खरंच काही होतं का हा वेगळा विषय, पण ज्यांचा विश्वास आहे ती माणसं तरी दिवस भरेपर्यंत थांबतात, आणि ही आत्ता आठव्यातच दाबायला निघाली!

माझं तुला अर्धवटच माहितीय. ४१ आठवडे झाले तरी कार्टं हलायला तयार नाही, पायाला ही सूज, लग्नातली कोल्हापुरी चप्पल सोड, भावाचे स्लीपर घालून ॲडमिट झालो. तपासलं तर पिशवीचं तोंड बंद आणि कडक, बिशप स्कोअर, म्हणजे तोंड किती तयार झालंय त्याचे मार्क, म्हणे ३. सहाच्या वर असला तर औषधाला लवकर दाद मिळते, त्याच्या खाली असला तर आधी तोंड मऊ करायला जेल लावतात. संध्याकाळी एक जेल, सहा तासांनी परत एक. त्या रात्री काय झालं विचारशील तर काहीच नाही झालं. पोटाला मॉनिटरचा पट्टा, बाळाच्या ठोक्यांचा टपटप आवाज, आणि बाहेर ह्यांची आणि बाबांची मिसळीवरनं चर्चा. इंडक्शन, म्हणजे हे कळा आणणं, औषध दिलं की झालं असं मला वाटायचं, पण त्यात निम्मं काम वाट बघायचंच असतं आणि त्याची तयारी कुणी करून घेत नाही गं.

सकाळी आत्या आली. मंगळवार पेठेतली, जिच्या हातचं भडंग तू डबा भरून न्यायचीस ती. तिचे सासरे तालमीत पैलवानांना मालिश करायचे, हात तिनं तिथनं उचललाय, कोर्स आत्ता पन्नाशीनंतर केला. आल्या आल्या डॉक्टरांना विचारलं, पाय चेपले तर चालेल का. त्या म्हणाल्या, चेपा की, फक्त मॉनिटरचा पट्टा हलू देऊ नका, पोटाला हात नको, आणि एकाच पायाला जास्त सूज, लाली किंवा पोटरीत दुखत असेल तर अजिबात दाबायचं नाही, आधी मला सांगायचं. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते म्हणून. हे तू नीट लक्षात ठेव, आईलापण सांग, आपल्याकडं पोटरी दुखली की पहिला तेलाचा हात पडतो.

मग बाळाभोवतीचं पाणी काढलं आणि ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा आणणाऱ्या हार्मोनची, सलाईन चालू झाली. आणि वृषे, त्या कळा! आपोआप येतात त्या हळूहळू वाढत येतात म्हणे, माझ्या तर सरळ अंगावर आल्या. आत्या पायाशी बसलेली, अंगठा सुरवंटासारखा पुढं सरकवत तळव्यावरनं चाललेली, आणि तोंडानं माहिती चालू. हा पायाच्या अंगठ्याचा मधला भाग, ही पिट्युटरी, मेंदूखालची ग्रंथी, ही दाबली की मेंदूतनं ऑक्सिटोसिन सुटतं. आणि मी बघतोय की तेच ऑक्सिटोसिन डोक्यावरच्या बाटलीतनं थेंबाथेंबानं हातात चाललंय! १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि त्या माणसाला, व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो त्याचं नाव, १९५५ ला नोबेल मिळालं. हे मी नंतर वाचलं, रात्री पाजताना दुसरं करायचं काय. रिफ्लेक्सॉलॉजीचंपण वाचलं. आत्या ठासून सांगते हजारो वर्षांची विद्या आहे, पण आज जो पायाचा नकाशा भिंतीवर लावतात तो अमेरिकेतला. विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं अंगाचे उभे दहा पट्टे पाडले, १९१७ ला त्यावर पुस्तक काढलं, आणि पुढं १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम ह्या फिजिओथेरपिस्ट बाईनं सगळं शरीर तळपायावर मांडलं. तळव्यातनं पिशवीकडं जाणारी अशी काही वायर आजवर कुणाला सापडलेली नाही. आत्याला हे सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही.

तर कळा वाढल्या का त्यानं? मला नाही वाटत. पिशवीचं तोंड सलाईनच्याच हिशोबानं उघडत होतं, दोन बोटं, मग तीन, मग तासभर तिथंच. पाय चेपल्यानं कळा लवकर सुरू होतात असं धड कुणी दाखवून दिलेलं नाही. कळांचं दुखणं आणि भीती थोडी कमी होते असं काही अभ्यासांत आलंय, बरेचसे इराणमधले, पण ते छोटे आहेत आणि पाय दाबतायत की नाही हे बाईपासून लपवणार तरी कसं, म्हणजे फरक नुसत्या मनाच्या समजुतीचापण असू शकतो.

पण आता खरी गोष्ट ऐक. दुपारी ड्युटी बदलली आणि नवीन सिस्टरनं आत्याला बाहेर काढलं, इथं नातेवाईक नको म्हणून. चाळीस मिनिटं. सलाईन तीच, स्पीड तोच, चार्टवर कळापण तेवढ्याच, दहा मिनिटात चार. आणि त्या चाळीस मिनिटांत मी पार कोसळलो. सीझर करा, आत्ता करा, म्हणून ओरडायला लागलो. पाय गार पडलेले, दातावर दात वाजत होते. डॉक्टर आल्या, त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या त्या आत्यांना घ्या आत. आत्या आली, पायाचे दोन्ही पंजे हातात धरले, ह्या वेळी नकाशा नाही का पॉइंट नाहीत, नुसते घट्ट धरले आणि म्हणाली, "सोडायचं न्हाई, मी पण सोडत न्हाई." कळ आली की मी टाचांनी तिचे हात रेटायचो आणि ती उलटं रेटायची, खासबागेत कुस्ती लागल्यासारखं. दुखत तेवढंच होतं गं, खोटं कशाला सांगू. पण ओरडायचं थांबलो.

साडेपाचला पोरगी झाली. आत्या म्हणते पिट्युटरीनं झाली, म्हणू दे.

म्हणून तू इथं माहेरी आलीस की पॅकेजबिकेज सोड आणि आधी दवाखान्यात जाऊन विचार, कळांच्या वेळी सोबत कुणाला आत घेता, आणि ड्युटी बदलली की बाहेर काढता का. सरकारी दवाखान्यात तर २०१७ पासून केंद्राच्या लक्ष्य योजनेत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी असं आहेच, त्यामुळं विचारायला लाजू नकोस, जमलं तर फाईलवर लिहून घे. कळा फारच लागोपाठ, दहा मिनिटांत पाचाच्या वर यायला लागल्या तर लगेच सिस्टरना हाक मारायची, सलाईन कमी करतात. पाय कुणी का चेपत असेना, ते काम त्यांचंच. आणि शुगर आहे म्हणून तळपायाला मुंग्या, बधिरपणा असलं काही वाटत असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांग, तशा पायावर जोर करायचा नसतो.

आत्याला मी तुझं सांगून ठेवलंय, ती यायला एका पायावर तयार. फक्त विचारत होती की तुला तळपायाला गुदगुल्या होतात का, होत असतील तर आधीच सांग, मागं एकीनं ऐन कळेत तिच्या नाकावर लाथ घातली होती.

उठली बघ. ठेवतो.

तुझीच,
शमी