हिमेजीला जाऊ, पण माझ्या अटींवर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर बोलायला घेतलं की बाबा "हो हो, बघू" म्हणून विषय बदलतात आणि आई लगेच भाजी करपतेय म्हणून पळते. म्हणून लिहून पाठवतेय, निवांत वाचा.

तिकिटं काढली आहेत. दिवाळी आटपली की नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तुम्ही दोघं माझ्याकडे जपानला, कोबेला येताय. आई, तुला साकुरा, म्हणजे वसंतातला चेरीचा बहर बघायचा होता ते मी विसरलेले नाही. पण त्या दिवसांत हिमेजीच्या किल्ल्यावर नुसती झुंबड असते, आणि बाबांना रांगेत ताटकळत उभं करायची माझी तयारी नाही. नोव्हेंबरात थंडी सोसवेल इतपतच असते, आणि किल्ल्याला लागून कोको-एन नावाची बाग आहे, तिथले मेपल तेव्हा लालभडक झालेले असतात.

आता बाबांसाठी. तुम्ही वहीत लिहून फोटो पाठवलात त्या पाच किल्ल्यांपैकी आपण एकच बघणार आहोत. मात्सुमोतोचा एक जिना 61 अंशांचा आहे, त्यामुळे तो रद्द. हिकोने, इनुयामा, मात्सुए पुढच्या खेपेला. आणि हिमेजीलासुद्धा मुख्य मनोऱ्यात तुम्ही चढायचं नाही. लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.

मी मुद्दाम आधी एकटी जाऊन बघून आले. मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, आत सहा मजले आणि खाली तळघर. बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून चढायचं, म्हणजे कठड्याला एकच हात उरतो. लाकडी पायऱ्या पायमोज्यांवर सटकतात आणि जिने आपल्या माळ्याच्या शिडीसारखे उभे. त्यात मागची माणसं खोळंबलेली, म्हणजे मध्ये टेकायचीही सोय नाही. सज्जनगडाला जे झालं त्यानंतर हे मी होऊ देणार नाही. हा वयाचा प्रश्न नाही बाबा, डाव्या गुडघ्याचा आहे. माझीसुद्धा उतरताना तंतरली होती.

आणि खरं सांगू? वर एक छोटंसं देऊळ आहे, खिडक्या आहेत, आणि समोर स्टेशनापर्यंत गेलेला सरळ रस्ता. बस्स. तुम्हाला आवडेल ते सगळं खालीच आहे. हिशी दरवाजातून आत गेलं की पांढरा मनोरा अगदी हाताशी दिसतो, आणि तिथूनच वाट वळायला लागते. एक दरवाजा, मग वळण, मग आणखी बुटका दरवाजा. मनोरा कधी उजवीकडे, कधी पाठीशी. शत्रूला गोल गोल फिरवायचं आणि वरून टिपायचं. रायगडाच्या महादरवाजापाशी तुम्ही आम्हाला गोमुखी बांधणी समजावली होती, तेच डोकं इथे सगळ्या वाटेवर चालवलंय. जंग्यासुद्धा आहेत, म्हणजे तटातली मारा करायची भोकं. उभी लांबट बाणांसाठी, गोल आणि तिकोनी बंदुकांसाठी. अजिंक्यताऱ्यावर माझे पाय दुखायला लागले की तुम्ही म्हणायचात, "जंग्या मोज, दुखणं पळतं." इथेही मोजत गेले आणि वळणावर विसरले. तुम्ही असतात तर चुकू दिलं नसतं.

हा सगळा पसारा इकेदा तेरुमासा या इथल्या सरदाराने 1609 पर्यंत उभा केला, त्याआधी तिथे हिदेयोशी या सेनानीचा तीन मजली मनोरा होता. 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात सगळं शहर जळलं, एक बॉम्ब किल्ल्यावरही पडला, पण फुटला नाही. आतल्या दोन अजस्र खांबांचे फोटो मी काढून ठेवलेत. पश्चिमेकडचा खांब 1950च्या दशकातल्या दुरुस्तीत बदलावा लागला. बाकी माहिती तुम्हीच मला सांगाल, ठाऊक आहे मला.

आई, तुला जातं दाखवायचंय. हिदेयोशीच्या बांधकामाला दगड कमी पडले तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं नेऊन दिलं, अशी गोष्ट सांगतात. तो दगड तटात बसवलेला आहे, वर लोखंडी जाळी मारलीय. आजूबाजूच्या धोंड्यांत तो एवढुसा दिसतो. माझ्या डोळ्यांसमोर आज्जीचं जातं आलं, तू विकू दिलं नाहीस ते. तिथपर्यंत सावकाश चढू आणि मागे फिरू. मग जमलं तर पश्चिमेच्या वाड्यातली लांबलचक ओसरी. सेनहिमे नावाची राजकन्या तिथे राहायची. ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा पहिला नवरा गेला, इथे आली तर लहानगा मुलगा गेला, मग दुसरा नवराही. तू ऐकून दिवसभर चुकचुकत बसशील, म्हणून जास्त लिहीत नाही.

जाण्यायेण्याची काळजी नको. कोबेहून शिनकाइसोकू या जलद गाडीने चाळीसेक मिनिटं, स्टेशनातून बाहेर पडलं की किल्ला समोर, पण आपण टॅक्सीच करू. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी करून घेईन. बाथरूम इंग्लिश पद्धतीची आहेत, पाणी येतं, सीट गरमसुद्धा असते. कोबेत भारतीय दुकानं आहेत, जैन देऊळही आहे, पोह्यापासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. त्यामुळे बॅगा भरभरून आणू नकोस. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या अजिबात नकोत, विमानतळावर काढून घेतील.

बाबा, गोळ्या एक महिन्याच्याच आणायच्या, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि खोकल्याचं औषध मला विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका. रोज वीस मिनिटं सपाटीवर चालायचं, चार भिंतीच्या टेकडीवर नाही. पट्टा लावून. दादाला मी सांगितलंय, तो विचारणार आहे.

आणि मनोऱ्यात चढायची फारच हौस असेल तर ओसाकाला नेते. तो 1931 साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे, आत लिफ्ट आहे. नाक मुरडाल, माहितीय. तरी नेणार.

आई, बीपी रोज लिहून ठेव. बाबांचं नाही, तुझं.

तुमची,
सोनी

ता. क. बूट काढायला सोपे, वेल्क्रोचे घ्या. आणि बाबा, अंगठ्याला भोक पडलेले ते तपकिरी मोजे सातारलाच ठेवून या.