‘लोकांना मान्य नाही’, म्हणजे नक्की कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सशुल्क पार्किंगबद्दलचं कालच्या अंकातलं वृत्त वाचलं, आणि रात्री झोप लागेना. ‘लोकांना हे मान्य होणार नाही’ हे वाक्य त्यात तीनदा आलंय. लोक म्हणजे कोण? मी अडुसष्ट वर्षांची आहे, चाळीस वर्षं पुण्यात बसने फिरते, प्रत्येक निवडणुकीत मत देते. मला कोणी विचारलेलं नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. टिळक रस्त्यावरच्या आमच्या थांब्याला अगदी चिकटून दोन मोटारी उभ्या होत्या, इंडिकेटर लुकलुकत होते. बस आली ती थांब्याला लागूच शकली नाही, रस्त्याच्या मधेच थांबली. मोटारींच्या फटीतून वाट काढत आम्ही बसकडे निघालो. ह्यांनी दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात डावीकडून एक दुचाकी घुसली. हँडल ह्यांच्या कोपराला लागलं आणि हे खाली पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं, शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. मोटारवाला मिठाईचे दोन बॉक्स घेऊन दुकानातून बाहेर आला आणि मला म्हणाला, “काकू, दोनच मिनिटं लावली होती.” ती दोन मिनिटं फुकट होती म्हणूनच त्याने गाडी तिथे लावली, असं माझं ठाम मत आहे.

२०१८च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं. आरडाओरडा झाला, ते पाच रस्त्यांपुरतं उरलं, पुढे तेही बारगळलं. पण जून २०२५मध्ये बसचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० झालं, तेव्हा ‘लोकांना मान्य आहे का’ हा प्रश्न कोणालाही पडला नाही. धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने दहाची नोट काढली. त्या लोक नाहीत?

‘आधी बस वाढवा, मग पैसे मागा’ हे म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं. माझी भाची स्टॉकहोमला असते. तिथे हेच केलं. आधी जादा बस सोडल्या, मग २००६च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत शहराच्या मध्यभागी मोटार आणायला पैसे लावून पाहिले. सुरुवातीला तिथलेही बहुतेक लोक विरोधात होते. वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. मग सप्टेंबरमध्ये लोकांचं मत घेतलं, तर शहराने बाजूने कौल दिला. आपण करून बघायच्या आधीच नकार गृहीत धरतो, याचं मला वाईट वाटतं.

नाही म्हणायला २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवायला लागले. पहिल्या वर्षी नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत मी ह्यांचा हात न धरता, मागे वळून न बघता चालले. लग्न होऊन या पेठेत आल्यानंतर इतकं निवांत त्या रस्त्यावरून चालल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तिथे आलेल्या माणसांना विचारा ना, काय मान्य आहे ते.

आणखी एक. त्या थांब्यावरच्या पाटीवर दोन महिन्यांपासून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लटकतोय. बसचे नंबर त्याच्यामागे गेलेत. नवीन माणूस आम्हालाच विचारतो, इथे कुठली बस थांबते. वाढदिवस कधीच होऊन गेला, तेवढा फ्लेक्स तरी कोणीतरी काढा.

आपली,
एक नियमित बस प्रवासी,
सदाशिव पेठ, पुणे