आप्पा, ती वही रद्दीत देऊ नका

टोरांटो, १६ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, माळ्यावरची तुमची रंगाची ट्रंक खाली काढलीय आणि तुम्ही म्हणताय, आतल्या चित्रांच्या वहीसकट सगळं रद्दीत घाला. म्हणून घाईनं लिहायला बसले. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही.

इथल्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये पॉल केनची चित्रं आहेत. जन्म १८१०चा, आयर्लंडमधला. लहानपणी इथं आला तेव्हा टोरांटोला यॉर्क म्हणायचे. आधी पाट्या आणि घोडागाड्या रंगवायचा, मग कोबर्ग गावात फर्निचर. चित्रकलेच्या शाळेत गेला नाही. इटलीत थोरांच्या चित्रांच्या नकला करून हात बसवला. हे वाचताना मला पत्र्यावर वाकून दुकानाची अक्षरं काढणारे तुम्हीच दिसत होता. बाबूराव पेंटरही आपले आपणच शिकले, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय!

१८४६ साली हा माणूस हडसन्स बे कंपनीच्या होड्यांतून पश्चिमेला निघाला. आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीसारखीच ही सनद घेतलेली कंपनी. कातड्यांचा व्यापार करायची आणि मुलूखही सांभाळायची. केननं ऐन नोव्हेंबरात रॉकी पर्वत ओलांडला. वाटेत भेटेल त्याचा चेहरा, तंबू, होडी, जे दिसेल ते कागदावर उतरवत गेला. १८४८ मध्ये परतला तेव्हा जवळ शेकडो स्केचेस होती.

त्यातल्या एका चेहऱ्यापाशी मी अडकले. १८४७च्या उन्हाळ्यात त्यानं तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, कायूस जमातीतल्या तोमाकस नावाच्या माणसाचं चित्र काढलं. तोमाकसनं विचारलं, याचं काय करणार, अमेरिकनांना देणार का? आणि कागद हिसकावून आगीत टाकायला गेला. केननं तो परत घेतला. त्या माणसाची जमीन जात होती; चेहराही कुणाच्या तरी हातात जाणार, ही त्याची भीती मला खोटी वाटत नाही. केननं स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ती कळते.

नंतर घरी बसून त्यानं मोठी तैलचित्रं केली. जॉर्ज अ‍ॅलन नावाच्या धनिकानं १०० चित्रांचे २०,००० डॉलर दिले. तिथं मात्र माझं मन बसत नाही. बायसनच्या, म्हणजे तिकडच्या गव्यांच्या, शिकारीत केन स्वतः घोड्यावरून धावला होता, तरी शिकारीच्या एका चित्रासाठी त्यानं इटलीतल्या जुन्या छापचित्राचा आधार घेतला. घोडे देखणे, आभाळ नाटकाच्या पडद्यासारखं. विकत घेणाऱ्यांना तसंच हवं होतं. पोट त्यावर चालायचं, त्याला मी दोष देत नाही. पण स्केचमधली माणसं आपल्याकडे बघतात. मोठ्या चित्रातली बघत नाहीत.

आप्पा, आपल्या तालमीच्या भिंतीवरचा पैलवान आठवतो? मंडळींनी सांगितलं, दंड जाड करा, कान नीट काढा. तुम्ही काढलात. पण तुमच्या वहीत तोच पैलवान मोडक्या कानासकट आहे, घामानं डोळे बारीक केलेला, खाली पेन्सिलीनं कुस्तीच्या हौद्याचं माप. भिंत तर पुढं चुन्यानं पांढरी झाली. दुकानांच्या पाट्यांवर फ्लेक्स आले. म्हणजे आता तेवढी वहीच उरली ना?

तुम्ही म्हणाल, त्या केनची गोष्ट वेगळी, मी आपला बोर्ड रंगवणारा. तोही आधी तेच करायचा.

डिसेंबरात दादा येणार आहे. वही जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्याबरोबर द्या. ट्रंकेत घालू नका, हातातल्या पिशवीतच असू दे. पानं सुटली असतील तर चिकटवायला जाऊ नका, तशीच पाठवा. आणि पैलवानाचं नाव मागं लिहून ठेवा, मला ते आठवत नाही.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
धाकटी