ऑपरेशनच्या फॉर्मवर मशेरीचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनआधी पेशंटला तपासताना फॉर्मवर एक प्रश्न असतोच, विडी-सिगारेट ओढता का. आणि आपल्याकडची माणसं अगदी खरं उत्तर देतात, "नाही". खिशात तंबाखूची पुडी न् चुन्याची डबी असते, आजीबाई तर मशेरी लावल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत, पण ते कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. मी सर्जिकल वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, आता रिटायर झालेय, म्हणून लिहिते.

२०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे होते ३.८ टक्के आणि तंबाखू, गुटखा, मशेरीवाले २४.४ टक्के. म्हणजे चौकशी कोणाची करतोय आपण?

धूर नाही म्हणजे फुफ्फुसं वाचली हे मान्य, पण निकोटीन तेच ना. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि बीपी वाढतं, टाक्यांपाशी रक्त कमी पोचलं की जखम भरायला उशीर, आणि त्यात शुगर असेल तर बघायलाच नको. मणक्याच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या आधी काही सर्जन कोटिनिनची (निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) टेस्ट करून घेतात ते उगाच नाही. गुटख्याची तर वेगळीच कथा, राज्यात २०१२ पासून बंदी (कागदावर), पण सुपारी-गुटख्याने तोंड इतकं आकसतं की दोन बोटंही आत जात नाहीत, मग भूल देताना श्वासाची नळी घालायची कशी? हे टेबलवर झोपवल्यावर कळून काय उपयोग. आणि सकाळी उपाशी राहा म्हटलं की माणसं पाण्याचा थेंब घेत नाहीत पण गालात बार भरलेला असतो, त्यांच्या हिशेबी ते खाणं नव्हेच.

खरी चूक वेळेची आहे. चार आठवडे किंवा जास्त आधी सिगारेट सोडली तर कॉम्प्लिकेशन कमी होतात असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय, आणि आपल्याकडे सांगतात कधी, तर ॲडमिट झाल्यावर आदल्या संध्याकाळी. हर्निया, गुडघा अशी ऑपरेशनं काही रातोरात ठरत नाहीत, तारीख देतानाच त्या कागदावर लिहून द्या की. अर्जंट असेल तर थांबायचं नाही हे उघडच आहे. "आता आयत्या वेळी सोडलं तर उलट त्रास होईल" असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका, विडीतला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसातही बराच उतरतो.

सोडल्यावर दोन-तीन दिवस माणूस चिडचिडा होतो, झोप लागत नाही, आणि मग घरचेच डब्याखालून पुडी आणून देतात, हे मी स्वतः पकडलंय. त्यापेक्षा १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर फोन करा. निकोटीनची गोळी-गम मेडिकलमध्ये मिळते पण तीही डॉक्टरांना विचारूनच, त्यातही निकोटीनच असतं.

फॉर्म भरणाऱ्या सिस्टरांना एवढंच, हा प्रश्न विचारताना नातेवाइकांना जरा बाहेर थांबवा. सुनेसमोर सासूबाई मशेरीचं कबूल करत नाहीत.

– एक निवृत्त परिचारिका, कराड