पावसातली खाण दाखवलीत, त्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. विभागाचा नमुना ठरलेला असतो: आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, प्रयोगशाळेतले सहायक, शेवटी आईवडील. त्या रांगेत 'तसेच आमचे शेजारी' एवढं लिहून मी प्रत बांधायला दिली आणि तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. खाण उद्योगातलं पर्यावरण व्यवस्थापन शिकणारी माझ्यासारखी आणखीही मुलं असतील, आणि त्यांच्या बिल्डिंगमध्ये खाणीतून निवृत्त झालेले सर्व्हेअर राहत नसतील.

कोपरखैरण्यातल्या आपल्या जिन्यात तुम्ही मला थांबवलंत तो दिवस आठवतो. माझ्या काखेत नकाशाची गुंडाळी होती. तुम्ही तो तिथेच कठड्यावर पसरायला लावलात आणि विचारलंत, "दोन रेषांत किती मीटर?" मी म्हटलं, 20. नकाशा 1:50,000 चा होता. तुम्ही म्हणालात, "म्हणजे सहा-सहा मीटरच्या तीन बेंच, खाणीच्या तीन पायऱ्या, यात गडप. यावरून तुला खाण दिसणार कशी?" दोन वर्षं समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकून तो हिशेब मी एकदाही केला नव्हता. आणि मग तुमचं ते वाक्य, जे नंतर वर्षभर ऐकलं: "पोरी, पाणी कुठं जाईन ते पाह्य आधी." 'जाईल' नाही, 'जाईन'. पंधरा-सोळा वर्षं नवी मुंबईत राहूनही तुमच्या तोंडातलं चंद्रपूर गेलेलं नाही, ते जाऊही नये.

माझा विषय होता पारसिकच्या डोंगराला तुर्भ्याच्या बाजूनं पडलेल्या दगडखाणींमधून वाहून येणारा गाळ. मी नमुने घेण्याचं वेळापत्रक फेब्रुवारी ते मे असं आखलं होतं. त्यात माझं काही चुकलंय असं मला वाटतही नव्हतं. खाणींच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल 2006 च्या अधिसूचनेनुसार तयार होतात, त्यांतली मूळ स्थितीची आकडेवारी सहसा पावसाळा सोडून एका ऋतूची असते. मी वाचलेल्या अहवालांतही तेच होतं. तुम्ही वेळापत्रक वाचलंत, चष्मा काढून ठेवलात आणि मग ती गोष्ट सांगितलीत.

ती इथे लिहायला तुम्ही परवानगी दिलीत, त्याचेही आभार. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर तुम्ही वर्धा खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीत लागलात. तरुण सर्व्हेअर. ओबी टाकायच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या मातीदगडाच्या ढिगाच्या जागेचा सर्व्हे तुम्ही मे महिन्यात केलात. एका कडेला उथळ घळ होती, कोरडी ठणठणीत, बोरी-बाभळी उगवलेल्या. नकाशावर तुम्ही ती नाला म्हणून दाखवली नाहीत. ढीग तिच्यावर चढला. जुलैच्या एका रात्री पाणी ढिगाच्या पाठीमागे तुंबलं आणि सकाळी ढिगाचा पाय सुटून एका शेतकऱ्याच्या कपाशीवर पसरला होता. माणूस दगावला नाही. "पण त्या माणसाच्या शेताकडे पाह्यची माझी हिंमत नव्हती," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा काकू आतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, असं मला वाटतं.

मग तुम्ही मला वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनबद्दल वाचायला सांगितलंत. 21 ऑक्टोबर 1966. कोळसा खाणीचा 7 नंबरचा ढीग डोंगरातल्या झऱ्यावर रचलेला होता. पावसानं तो आतून भिजला आणि सकाळी सव्वानऊच्या सुमाराला खालच्या शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. पाठ्यपुस्तकात ढिगाभोवतीची पाणी वळवणारी चर म्हणजे गारलँड ड्रेन, पायथ्याची भिंत म्हणजे टो वॉल, गाळ बसवायची तळी हे सगळं मी आकृत्यांसकट पाठ केलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की ढिगाभोवतीची ती चर कोणासाठी खणायची असते.

मी मार्गदर्शकांकडे जाऊन मुदत वाढवून मागितली. त्यांनी ती दिली. जुलैत आपण दोघं गेलो. तुम्ही शहात्तर वर्षांचे, हातात छत्री आणि पिशवीत गवंड्यांची पारदर्शक लेव्हल पाईप. बंद खाणीच्या आत तुम्ही मला पाऊल टाकू दिलं नाहीत. पावसात कड्याचे दगड सुटतात, कड्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवूनच उभं राहायचं, हे तिथल्या तिथे शिकवलंत. नमुने आपण खालच्या मोरीपाशी घेतले. करड्या रंगाचं पाणी भरभरून येत होतं. ते एमआयडीसीतून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालून थेट खाडीकडे जातं. 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेल्या, फ्लेमिंगोंसाठी आपण ज्या खाडीवर जातो, त्याच खाडीकडे. मेमध्ये त्या मोरीत धूळ आणि प्लास्टिकशिवाय काही नव्हतं.

आणि तुमची गॅलरी! अकरा बाटल्या, तारखेच्या चिठ्ठ्या लावून ओळीनं. काकूंनी त्यांच्यासाठी तुळशीची कुंडी हलवली, हे मी विसरलेले नाही. भरड कण तासाभरात तळाला. काही बाटल्या दुसऱ्या दिवशी निवळल्या. पहिल्या मोठ्या सरीच्या दोन बाटल्या मात्र आठव्या दिवशीही गढूळच होत्या. कणाचा व्यास निम्मा झाला की तो खाली बसण्याचा वेग एक-चतुर्थांशावर येतो, हे समीकरण मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. तुमच्या गॅलरीत ते डोळ्यांनी पाहिलं. गाळाचं तळं किती मोठं हवं, या माझ्या प्रकरणाचा पाया त्या दोन बाटल्या आहेत.

एक मोठी चूकही तुम्ही वाचवलीत. एक संपूर्ण प्रकरण मी 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांवर बेतलं होतं. तुम्ही म्हणालात की ते नियम तुमच्या कोळशालाही लागू नव्हते, दगडाला कसे असतील? दगड हे गौण खनिज, त्याला महाराष्ट्राचे 2013 चे नियम. मी शोधत गेले तेव्हा 2012 चा दीपक कुमार खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही हाती लागला, ज्यानं पाच हेक्टरहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं.

वर्गात मला दोन्हीकडून ऐकावं लागायचं. काही मैत्रिणींना वाटायचं मी खाणवाल्यांची बाजू शिकतेय, आणि क्षेत्रभेटीत खाणीतले लोक मला तक्रार करायला आलेली समजायचे. एकदा मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले होते, अभ्यासक्रम सोडायचं ठरवून. तुम्ही समजूत घातली नाहीत. चहा दिलात आणि तुमची जुनी फील्डबुकं काढलीत. त्या जुलैनंतरच्या प्रत्येक पावसाळ्याची नोंद त्यांत होती: कुठे पाणी तुंबलं, कुठे ढिगाला भेग गेली, कोणाला कळवलं. निवृत्त होईपर्यंत एकही पावसाळा सुटलेला नव्हता. ते कोणी तुम्हाला करायला सांगितलं नव्हतं.

काका, चंद्रपूरच्या बाजूला मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. त्यांनी एप्रिल-मे सुचवला होता. मी जुलै-ऑगस्ट मागून घेतला. ती घळ कुठे होती ते मला कागदावर काढून द्या, मला तिथे जाऊन यायचंय. शनिवारी संध्याकाळी येते. बाटल्याही घेऊन जाईन, काकूंची तुळस परत जागेवर ठेवू.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोरगी